पियानोच्या खोलीत बाबा

२६ सप्टेंबर १९५८

पियानो चिखलात रुतला! भरती चुकली. मचवा किनाऱ्याला लागेपर्यंत पाणी उतरलं होतं, तरी यांनी घाई केली आणि पियानो खाली घ्यायला लावला. आता तो तिथेच उभा आहे. खाली फळ्या, वर शिडाचं जुनं कापड आणि भोवती सगळं सारसोळे गाव. कुणी म्हणतं कपाट, कुणी म्हणतं पारशाची तिजोरी. आमच्या शेजारणीने, सखूने, कापडाखाली हात घालून एक पट्टी दाबली. तो सूर सरळ खाडीवर गेला आणि बायका दचकून मागे सरल्या. मला मात्र एकदम माझगावच्या बंगल्याचा वास आला — लाकडाचं पॉलिश, जुनी पुस्तकं आणि बाबांच्या पांढऱ्या कोटाची इस्त्री.

बंगला पाडताहेत. पारशी बाईसाहेब भाचीकडे विलायतेला गेल्या, त्या आता परतणार नाहीत. बाकीचं सामान विकलं गेलं. पियानोला वाळवी लागली म्हणून कुणी घेईना. फायरप्लेसची सागवानी चौकट तर भिंतीबरोबरच जायची होती. मी बाबांना म्हटलं, मला द्या. ते म्हणाले, कोळ्याच्या घरात याचं तू करणार काय? मी खरं काय ते सांगितलं नाही.

खरं असं की बाबांना आता घर नाही. सगळा जन्म त्या बंगल्यात बटलर म्हणून गेला. मागच्या आउटहाउसमध्ये त्यांनी मला एकट्याने वाढवलं. आई मला आठवतही नाही. दसऱ्यानंतर आउटहाउसही पडणार. आमच्याकडे या म्हटलं की नुसते हसतात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे त्यांचं पक्कं. आणि माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा काही हलत नाही. भेटायला आले की ओट्याच्या पायरीवर बसतात आणि सखूकडचा चहा पितात. माझ्या दारात बसून शेजारणीचा चहा! प्रत्येक वेळी मी आत जाऊन रडते.

पण त्यांची जुनी खोलीच इथे उभी केली तर? तोच पियानो, तीच चौकट. मग कदाचित त्यांचा पाय निघणार नाही.

२७ सप्टेंबर

आला! दुपारच्या भरतीला तरंगवून आणि मग बांबूंवरून. होडी वर ओढताना जे म्हणतात तेच म्हणत पुरुषांनी ओढला. उद्या पितृपंधरवडा लागतो, त्याच्या आत काय ते घरात घ्या म्हणून सासूबाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या.

१ ऑक्टोबर

चौकट बसवली. घरात आली ती पंधरवड्याच्या आधी, मग भिंतीवर ठोकायला काय हरकत — हा माझा कायदा. सासूबाईंनी भांडी जरा जोरात ठेवली.

शिवा सुतार होड्या बांधतो. त्याने आयुष्यात सरळ भिंतीला काही बसवलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं, धूर जायला जागा कुठे? म्हटलं, धूर नाही, जाळ नाही, नुसती चौकट. मग सासूबाईंनी तोंड उघडलं. "चूल नाय तं चुलीचं दार कशाला?" बंगल्यातसुद्धा ती पेटलेली मी एकदाच पाहिली. नाताळात पुण्याहून कुणी पाहुणे आले होते, त्यांच्या हौसेखातर. मुंबईची ती थंडी! सगळे घामाघूम झाले आणि तरी हात शेकत बसले. बाबा सरबताचे ग्लास घेऊन फिरत होते, कोटाची कॉलर भिजलेली. आम्ही दोघं नंतर आउटहाउसमध्ये हे आठवून किती हसलो होतो.

चौकटीच्या वरच्या फळीवर तिथे मधोमध घड्याळ असे. दोन्ही बाजूंना पितळेचे मेणबत्तीचे स्टँड, चिनी मातीची मेंढपाळीण आणि बाईसाहेबांच्या आईची तसबीर. मेणबत्तीचे स्टँड बाबांनीच मला दिले होते. घड्याळाच्या जागी मी यांचं होकायंत्र ठेवलं. मेंढपाळणीच्या जागी मोठा शंख. तसबीर आमच्या लग्नाची. लांब उभी राहून पाहिलं, डोळे जरा मिचकावले तर अगदी तीच!

खोलीतली जाळी पडवीत गेली. हे म्हणाले, पडवीत उंदीर आहेत. म्हटलं, मांजर आणू.

५ ऑक्टोबर

पडदे झाले. जुनं शीड फाडून शिवले. झाडाच्या सालीच्या रंगात बुडवल्यामुळे त्याला जो विटकरी रंग असतो तो तसाच ठेवला. बाईसाहेबांचे मखमली होते, पण रंग साधारण हाच. उन्हं उतरली की सगळी खोली तांबूस होते.

वेताची खुर्चीही मचव्यातून आली होती. ती फायरप्लेसच्या उजव्या हाताला, खिडकीकडे तोंड करून. ती बाबांची. मनात ठरवून टाकलंय. संध्याकाळी ते तिथे बसतील, खाडीवरून परतणाऱ्या होड्या बघतील.

आज दुपारी पियानोखाली शिरून बसले. लहानपणी माझी जागा तीच होती. शाळेतून आले की पायांच्या मधल्या अंधारात जाऊन बसायचं, वर बाईसाहेब वाजवायच्या आणि लाकडातून तो आवाज माझ्या डोक्यात उतरायचा. त्यांनी मला दोन चाली शिकवल्या. जाळं विणणाऱ्यांची बोटं आहेत हिची, चपळ आहेत, असं बाबांना सांगायच्या. बाबांना त्याचा केवढा अभिमान! सुखाचे दिवस होते. आता मी तिथे मावत नाही, मान वाकडी करावी लागते, पण बसले. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि गेल्या. यांना नक्की सांगणार.

११ ऑक्टोबर

काय करू या माणसाला! आज मावशीला भेटून करंजा गावाहून परतले तर ओट्यापासूनच वास. खोलीत गेले तर पियानो तुळतुळीत काळा चमकतोय आणि हे शेजारी हातात फडकं घेऊन, चेहरा एवढा आनंदी! मुशीचं तेल. माशाच्या काळजाचं, होडीला चोपडतात ते. बाहेरून चोपडलं, झाकण उघडून आतून चोपडलं, हातोड्यांना, तारांना, जिथे फडकं पोहोचेना तिथे ओतलं.

म्हटलं, हे काय केलंत! तर म्हणे, खारा वारा लाकूड खातो. वाळवी होतीच. "होरीला लावताव तेच लावलाय. धा वर्सं काय होनार नाय बघ त्येला."

मी दाबलेली पट्टी खालीच राहिली. दुसरी दाबली, तीही. मग मी मटकन बसले आणि रडायला लागले. यांना कळेना. होडीवर जेवढी माया तेवढी त्यांनी त्या लाकडावर केली होती, आणि बाई रडतेय. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला रडता रडता हसू फुटलं. मग तेही हसले. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या की आता कसं कोळ्याच्या घरातलं सामान वाटतंय.

१२ ऑक्टोबर

वरच्या टोकाच्या काही पट्ट्या अजून वाजतात. गावातली मांजरं मात्र पियानोभोवती ठाण मांडून बसलीत. उंदरांचा प्रश्न मिटला.

२२ ऑक्टोबर, दसरा

वल्ही, जाळी, कोयता, सगळ्यांची पूजा झाली. सासूबाईंनी उरलेली झेंडूची माळ आपणहून पियानोला घातली. मी पाहतेय हे बघून म्हणाल्या, फुलं वाया कशाला घालवायची.

बाबांचा निरोप आला. शनिवारी येतात. "थोडे दिवस" म्हणालेत. थोडे तर थोडे!

२५ ऑक्टोबर

बाबा आले. एक ट्रंक आणि छत्री. एवढ्या वर्षांचं एवढंच.

मी त्यांना ओट्यावर बसू दिलंच नाही, हात धरून थेट खोलीत नेलं. ते दारात थांबले. वहाणा काढल्या. चौकट पाहिली, पडदे पाहिले, खुर्ची पाहिली. मग हळूच म्हणाले, "तशीच केलीस गं. अगदी तशीच." त्यांचे डोळे भरले होते. माझेही. म्हटलं, बसा ना बाबा. तर म्हणाले, बसतो, बसतो, आधी हातपाय धुतो. धुवायला गेले ते सखूच्या आडावर. जेवलेही तिच्याकडेच.

तरी मी आज खूश आहे. डोळे भरले होते, मी स्वतः पाहिलं.

२८ ऑक्टोबर

बाबा माझ्याही आधी उठतात. मी उठते तोवर फळीवरची धूळ पुसून झालेली असते, मेणबत्तीचे स्टँड चिंचेने लख्ख घासलेले असतात. होकायंत्र त्यांनी बोटभर डावीकडे सरकवलं. घड्याळ तिथेच असायचं म्हणे! रमलेत. खरंच रमलेत असं वाटतं.

एकच गंमत. संध्याकाळी हे दमून आले आणि चुकून वेताच्या खुर्चीत बसले. बाबा लगेच भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, आणि विचारलं, चहा इथेच आणू का? हे घाबरून उठले. सासरा उभा आणि जावई बसलेला, शोभतं का! बाबा म्हणतात बसा, हे म्हणतात तुम्ही बसा. शेवटी दोघंही उभे राहिले, दिवेलागणीपर्यंत. चहा थंड झाला. मी हसून हसून बेजार.

३० ऑक्टोबर

बाबा दुपारी खोलीत नसतात. पडवीत सासूबाईंबरोबर जाळ्याच्या गाठी सोडवत बसतात. मी बोलावलं की लगेच उठून येतात आणि उभे राहतात.

२ नोव्हेंबर

आज सासूबाईंशी भांडले. म्हणजे मीच भांडले, त्या शांतच होत्या.

मी म्हटलं, तुम्ही बाबांना पडवीत बसवून घेता, म्हणून ते खोलीत थांबत नाहीत. तुम्हाला ती खोली पहिल्यापासून खुपतेय. त्या जाळ्यावरून हात न काढता म्हणाल्या, "त्ये खोलीन तुजा बाप कदी बसला होता का, सांग मना."

त्यांनी एक गाठ सोडवली आणि पुढची धरली.

"तू त्येला परत चाकरीला लावलास, पोरी."

मी रागाने निघून आले. खोलीत जाऊन दार लावलं. आठवायला बसले. नाताळची ती रात्र, बाबा ग्लास घेऊन उभे. वाढदिवस, बाबा केक घेऊन उभे. बाईसाहेब आजारी, बाबा खुर्चीमागे उभे. मला पियानो शिकवायच्या तेव्हा ते दाराशी उभे, तोंडभर हसत, पण उभे. पियानोखालून मला त्यांचे बूटच जास्त दिसायचे. त्या खोलीत मी बसले, खेळले, झोपलेसुद्धा. ते एकदाही बसले नाहीत. आउटहाउसमधल्या मोडक्या खाटेवर ते बसायचे, पाय चोळायचे, तिथे आम्ही हसायचो, ते आमचं घर होतं. आणि मी त्यांच्यासाठी बांधली काय, तर त्यांची ड्युटी!

आनंद माझा होता. तो त्यांचाही असणार, असं मी धरूनच चालले. एवढी मोठी झाले तरी हे कळलं नाही. सासूबाईंना आठवड्याभरात कळलं. लाज वाटते. बाबांची माफी कशी मागायची तेही कळत नाही, कारण ते म्हणणार, वेडी आहेस, छान केलीस खोली.

४ नोव्हेंबर

पडदे काढले. फळीवरचं सगळं उतरवलं. जाळी पडवीतून पुन्हा खोलीत आणली, पियानोवर टाकली. त्याचं काही बिघडायचं राहिलेलं नाही. फायरप्लेसच्या पोकळीत सासूबाईंनी सुक्या बोंबलांच्या पाट्या ठेवल्या. म्हणाल्या, जागा कोरडी आहे, बरी आहे.

बाबा बघत होते. कशाला मोडतेस, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, चुकले मी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग जे मला ऐकायचं नव्हतं तेच बोलले. ग्रँट रोडला एका खाणावळीत जागा आहे, ओळखीच्या माणसाने सांगितलंय. भाऊबीजेच्या भरतीला जाणारा मचवाही ठरवलाय.

मी म्हटलं, तुमचे पाय सुजतात, आता उभ्याने काम होणार आहे का? खोली मोडली ना मी, आता तरी राहा.

"खोलीचं काय नाही गं, चंदे. सखू चांगली बाई आहे. पण लेकीच्या दारात राहून शेजारणीचं किती दिवस खाऊ? आणि तुझ्या घरचं मला गिळवणार नाही. माझ्या बापाने नाही खाल्लं, मी नाही खाणार."

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते किती मऊ बोलले!

७ नोव्हेंबर

यांनी बोलून पाहिलं. सखूच्या नवऱ्याने बोलून पाहिलं. सखूने तर सांगितलं, माझ्याकडे जन्मभर जेवा. बाबा सगळ्यांना हसून नमस्कार करतात. तो नमस्कार मला माहीत आहे. बाईसाहेबांच्या पाहुण्यांना असाच असायचा, त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

मी देवीला बोलले, मला मूल दे. लगेच दे! मग माझंच मला हसू आलं. भाऊबीजेच्या आत कसं देणार ती.

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

करंज्या केल्या, चकल्या केल्या, चार दिवे ओट्यावर. बाबांनी माझ्या हातची एक चकली घेतली, वासावरून भाजणी छान झालीय म्हणाले आणि परत ताटात ठेवली.

१२ नोव्हेंबर

ट्रंक भरली. पांढरा कोट वरती ठेवलाय, घडी मोडू नये म्हणून. उद्या भरतीला निघणार. सासूबाई दुपारपासून दिसल्या नाहीत. बाजारात गेल्या असतील.

१३ नोव्हेंबर, भाऊबीज

सासूबाईंचा एकुलता एक भाऊ मी सून होऊन यायच्या आधीच वादळात होडीसकट गेला. तेव्हापासून भाऊबीजेला त्या अंगणात जाऊन चंद्राला ओवाळतात. आज त्यांनी चंद्राची वाट पाहिलीच नाही. सकाळी पियानोच्या खोलीतली जाळी बाजूला सारून कालच बाजारातून आणलेला नवा पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. बाबा ट्रंक घेऊन निघाले तर दारात आडव्या उभ्या.

"बस, दादा."

बाबांना काही सुधरेना. म्हणाले, विहीणबाई, मचवा सुटेल. तर म्हणाल्या, "सुटू दे. आता यो तुज्या लेकीचा घर नाय. भयनीचा हाय. भाऊबीजेला भयनीच्या दारशी भाऊ उपाशी जात नाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ट्रंक खाली ठेवली आणि बसले. त्या खोलीत, पाटावर, मांडी घालून. सासूबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. हे मागून म्हणाले, म्हणजे मी मामाचीच पोर केली की! सगळे हसले, बाबा सगळ्यांत जास्त.

मी सरंग्याचं कालवण आणि भात वाढला. बाबा खाली मान घालून जेवत होते. मी समोर उभी होते. पहिला भात संपला तेव्हा त्यांनी वर न बघताच म्हटलं, "चंदे, अजून भात आण."